बसल्याशिवाय सुटत नाही

पवनेच्या घाटावर एका दशक्रियेला गेलो होतो. मावळातल्या आमच्या सोमाटण्याहून गाडीवर दहा-पंधरा मिनिटं. गेलेला माणूस त्रेचाळीस वर्षांचा. घाटाच्या तोंडाशी फ्लेक्स, त्यावर गॉगल घातलेला फोटो आणि खाली नेहमीची ओळ : अल्पशा आजाराने दुःखद निधन. हा अल्पसा आजार सोळा वर्षं चालला होता. दोनदा कावीळ, मग पोटात पाणी, शेवटी रक्ताची उलटी.

पिंडापुढे भात, भजी, जिलबी मांडली होती. शेजारी कुणीतरी एक क्वार्टर ठेवली, झाकण उघडून. ‘आवडायची त्याला,’ एवढंच तो मित्र म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, खाली येईनात. पाऊण तास गेला. मग चुलते पुढे झाले, हात जोडून म्हणाले, ‘पोरींची शिक्षणं आम्ही करू, काळजी करू नकोस.’ थोड्या वेळानं एक कावळा उतरला आणि शिवला.

तोवर मांडवात श्रद्धांजलीची भाषणं सुरू होती. त्यातले एक वक्ते आमच्या भागातले मानाचे गृहस्थ. सरळ माणूस, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. त्यांच्या बोलण्याला वजन आहे, म्हणूनच त्याचा प्रतिवाद करावासा वाटतो. ते म्हणाले, ‘दारू सोडायला कुठं जावं लागत नाही. मनावर घ्यावं लागतं. आता ऐकतो, शहरात म्हणे दारू सोडणाऱ्यांचे गट असतात. अहो, चार बेवडे एकत्र बसले तर मधे बाटलीच येणार ना?’ मांडव हसला. दशक्रियेचा मांडव. पुढे ते म्हणाले, ‘त्यापेक्षा माळ घालावी. आणि नाहीच ऐकलं तर महिनाभर केंद्रात टाकावं.’

तिथं वाद घालणं बरं दिसलं नसतं. गप्प बसलो. ते गप्प बसणं मनाला लागलंय, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘मनावर घेणं’ पाहू. गेलेल्या माणसानं मनावर घेतलं नव्हतं असं म्हणणाऱ्यानं त्याच्या घरी एकदा विचारून यावं. आईच्या पायावर हात ठेवून सोडली होती. थोरल्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती. एका गणेशोत्सवात अकरा दिवस आणि वर तीन आठवडे शिवली नव्हती. इतक्या वेळा जो सोडतो त्याच्याकडे निश्चयाचा तुटवडा होता, हे मला पटत नाही. उलट सकाळी सहाला, हात थरथरत असताना, खिशात दमडी नसताना, बंद दुकानाचं मागचं दार उघडायला लावून जो पावशेर मिळवतो त्याच्या जिद्दीला तोड नाही. जिद्द भरपूर असते. ती दारूच्या नोकरीत लागलेली असते.

मराठी माणसाला हे नव्यानं सांगायला नको. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले आणि त्याच वर्षी ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर मूर्ख नाही, दुबळा नाही. हुशार वकील आहे, मानी आहे. तो शपथ घेऊन दारू सोडतो, नोकरी शोधायला बाहेर पडतो, जुन्या ओळखीच्या लोकांकडून पाणउतारा झेलतो आणि पुन्हा प्याल्याकडे येतो. शंभर वर्षं आपण हे नाटक त्याच्या बायकोसाठी, सिंधूसाठी रडत पाहिलं. सुधाकरानं एकट्यानं सोडली, एकटा बाहेर पडला आणि एकटाच परतला, हे मात्र नजरेतून निसटलं. त्याला मानणारी माणसं होती. पण तो ज्यातून चालला होता त्यातून पार झालेला एकही माणूस त्याच्या आसपास नव्हता.

आणि हो, त्याच नाटकात तळीरामाचं ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. पिणाऱ्यांनी एकत्र येणं म्हणजे काय, याचं आपल्या डोक्यातलं चित्र अजून तिथंच अडकलंय. वक्त्यांच्या विनोदावर मांडव हसला तो त्यामुळेच.

‘मनावर घे’ म्हणण्यात एक धोकाही आहे, आणि तो जिवाचा आहे. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस कुणाच्या बोलण्यानं चिडून एका रात्रीत बंद करतो. पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो : भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, अंग तापतं, दरदरून घाम फुटतो. वेळेवर दवाखान्यात नेलं नाही तर माणूस जातो. गावात याला ‘दारू उतरली की वेड लागतं’ म्हणतात आणि अंगारा लावतात. रोज पिणाऱ्यानं थांबवायचं ते डॉक्टरच्या देखरेखीखाली. हे काम गटाचं नव्हे, आणि कुठलाही शहाणा गट ते आपलं आहे असं म्हणत नाही.

आता ‘चार बेवडे’. मराठीत दारू पिण्याला सरळ शब्द आहेत, पण आपण ते वापरत नाही. आपण म्हणतो ‘बसणं’. ‘आज बसायचं का?’ ‘परवा बसलो होतो.’ कशाला बसलो हे सांगावं लागत नाही. ढाब्याच्या मागच्या बाजूला, फार्महाउसवर, जमिनीचा व्यवहार झाल्यावर, वरातीनंतर, यात्रेत, मतदानाच्या आदल्या रात्री, गटारीला तर हक्कानं. मावळात गुंठ्याला भाव आला तशा बैठका वाढल्या. हायवेला लागून कंपन्या आल्या, तशी शिफ्ट सुटल्यावर बसणारी पोरं आली. यातला कुणी एकटा पीत सुरुवात करत नाही. पहिला पेग कुणीतरी भरून दिलेला असतो, दुसऱ्याला कुणीतरी आग्रह केलेला असतो, आणि नाही म्हणणाऱ्याला ‘बाईलवेडा’ म्हणायला चौघे हजर असतात. लावण्याचं काम चौघं मिळून करतात. सोडताना मात्र ‘तुझं तू बघ’. हा कुठला न्याय?

गट म्हणजे त्याच क्रियापदाचा दुसरा उपयोग. तिथंही बसतात.

एका खुल्या मीटिंगला मी बसलोय. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे सगळे म्हणतात त्या ‘एए’च्या, मीटिंगा दोन तऱ्हेच्या असतात : बंद, फक्त ज्यांना दारूचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी, आणि खुली, जिथं घरचे, शेजारचे, माझ्यासारखे बघे चालतात. शाळेचा वर्ग होता. फळ्यावर तिसरीची वजाबाकी पुसायची राहिलेली. बाक लहान, त्यामुळे मोठमोठ्या माणसांचे गुडघे छातीशी आलेले. कोपऱ्यात स्टीलची चहाची किटली, कागदी कप, ग्लुकोजचा पुडा. कुणी अध्यक्ष नाही, हार नाही, माइक नाही. एकेक जण आपलं पहिलं नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि बोलतो. कुणी मधे तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. ‘तू असं करायला हवं होतंस’ हे मराठी माणसाच्या जिभेवर कायम असलेलं वाक्य त्या दीड तासात एकदाही ऐकू आलं नाही. मला तर तोच चमत्कार वाटला.

काय बोलले ते सांगणार नाही. तिथलं तिथंच ठेवायचं असतं. एकच गोष्ट सांगतो, ती बोलण्यातली नाही. त्या दिवशी एक नवा माणूस आला होता. दाराजवळ बसला, पळता येईल असा. चहा वाटणाऱ्यानं सगळ्यांना कप भरून दिले, त्याला मात्र अर्धाच दिला. मला वाटलं, संपला असेल. नंतर कळलं : हात थरथरत असले की भरलेला कप हिंदकळतो आणि माणूस शरमेनं मरतो. हे कुठल्या पुस्तकात वाचून कळत नाही. वाटणाऱ्याच्या स्वतःच्या हातांनी कधीतरी तो चहा सांडलेला असतो.

मग सांगा, मधे बाटली आली का?

एएची सुरुवात एका परक्या गावात झाली. १९३५ सालचा मे महिना. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस अमेरिकेतल्या ॲक्रन गावी धंद्याच्या कामाला आला होता. काम फिसकटलं. हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटाच उभा. एका टोकाला बार, आतून हसण्याचे आवाज. पाच महिने त्यानं दारूला हात लावला नव्हता. त्याला कळलं की आपण आत जाणार. तो टेलिफोनकडे वळला, चर्चच्या यादीतल्या माणसांना फोन लावत सुटला : इथं कुणी दारुडा आहे का, ज्याच्याशी मला बोलता येईल? होत होत दुसऱ्या दिवशी गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. डॉक्टर म्हणाले पंधरा मिनिटं थांबतो, आणि बोलत बसले काही तास. मधे त्यांची एकदा घसरण झाली. पण १० जून १९३५ नंतर त्यांनी प्याला उचलला नाही, आणि तोच दिवस एएचा जन्मदिवस मानला जातो. भारतात ही चळवळ १९५७ पासून आहे.

या गोष्टीत मला महत्त्वाचं वाटतं ते असं की विल्सन डॉक्टरला सुधारायला गेला नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. उपदेश करणारा आणि ऐकणारा अशी विभागणी तिथं नाही. म्हणून वक्त्यांचं वाक्य त्यांच्यावरच उलटतं : एक बेवडा दुसऱ्याजवळ बसला, म्हणून दोघांची सुटली.

‘हे सगळं ठीक, पण पुरावा?’ असं विचारणारे भेटतात, आणि विचारावंच. पुरावे तोलून पाहणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२० सालचा आढावा आहे. २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं. एएकडे पद्धतशीर वळवणाऱ्या उपचारांची तुलना मानसोपचाराच्या इतर पद्धतींशी केली. वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेले : एएवाले शंभरात सुमारे ४२, इतर ३५. आकडा डोळे दिपवणारा नाही. बेचाळीस म्हणजे अठ्ठावन्न निसटले, आणि गटाची जाहिरात करणाऱ्यांनी हेही सांगितलं पाहिजे. पण ज्या मार्गाला कुणाची फी लागत नाही, त्यानं पैसे घेणाऱ्या पद्धतींच्या बरोबरीनं, थोडं पुढेच, उभं राहावं ही चेष्टेवारी नेण्याची गोष्ट नक्कीच नाही.

दुसरा आकडा मला जास्त झोंबतो. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस जणांना आपण काय दिलं? ‘मनावर घे’.

माळेबद्दल जपून बोलतो. देहू इथून हाकेच्या अंतरावर. वारीच्या वाटेवर वाढलेल्या माणसानं माळेला नावं ठेवू नयेत, आणि मला ठेवायचीही नाहीत. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. पण ती का सुटली ते नीट पाहा. माळ घातली की एकादशी आली, हरिपाठाला रोज संध्याकाळी देवळात जाणं आलं, दिंडी आली, फड आला. संध्याकाळी सातची वेळ, जी पूर्वी ढाब्यावर जायची, ती टाळकऱ्यांत जायला लागली. ‘काल दिसला नाहीत माउली?’ असं विचारणारी माणसं मिळाली. म्हणजे तिथंही गटच. वक्ते माळ सांगतात आणि गटाला हसतात, तेव्हा एकाच गोष्टीची अर्धी आरती आणि अर्धी टिंगल करतात.

फरक एकाच जागी पडतो. माळकरी घसरला तर शरमेनं माळ उतरवून ठेवतो आणि देवळाकडे फिरकत नाही. लोकही कुजबुजतात, माळेला बट्टा लावला. गटात घसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला तर त्याला पहिल्या दिवसापासून मोजायला सांगतात आणि चहा देतात. घसरण हा या आजाराचा भाग आहे असं धरूनच ती बैठक मांडलेली असते. ज्याला माळ जमते त्यानं घालावी. ज्याची तुटली त्याला जायला दुसरी जागा हवी की नको?

एएच्या बोलण्यात देव बराच येतो, हे मात्र खरं. तो ‘आपापल्या समजुतीचा’ देव असतो, असं ते सांगतात, तरी काहींना ते रुचत नाही. अशांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा रस्ता पाहावा. डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं; पाठीशी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांची मदत होती. तेव्हा निमित्त होतं गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं. पुढे दारूचे रुग्णच जास्त झाले. तिथला अनुभव महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक असायला हवा : आत राहण्याचे दिवस संपले की काम संपत नाही, सुरू होतं. म्हणून त्यांनी गावोगाव पाठपुराव्याच्या बैठका घेतल्या, बायकांसाठी सहचरी गट काढला, आणि सुटलेल्या माणसांनाच नव्यांच्या मदतीला उभं केलं.

यावरून ‘महिनाभर केंद्रात टाका’चं उत्तर मिळतं. ‘टाका’ हे क्रियापदच बघा, पोतं टाकल्यासारखं. चांगलं केंद्र उपयोगाचं असतं. पण रात्री जीप घेऊन येणारी, माणूस उचलून नेणारी, दाराला बाहेरून कुलूप लावणारी ठिकाणंही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे आजार धरलेले आहेत, आणि रुग्णाला त्यात हक्क आहेत. केंद्राला नोंदणी विचारा, डॉक्टर कोण ते विचारा, भेटू देता का ते विचारा. आणि एकतिसाव्या दिवशी तो फाट्यावर उतरेल तेव्हा त्याला कोण भेटणार, हेही विचारा. ढाब्यावरचे चौघे तर तिथंच असणार. भाजीत कालवून ‘नकळत दारू सोडवा’ म्हणणाऱ्या पुड्यांना तर हातही लावू नका. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसानं दारू प्यायली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. डॉक्टर ते रुग्णाला सांगूनच देतात. न सांगता खायला घातलेल्या पुडीत काय आहे ते देव जाणे.

आता जो आक्षेप वक्त्यांनी घेतलाच नाही, तो मीच घेतो, कारण खरा आक्षेप तोच आहे. सोमाटण्यासारख्या ठिकाणी गट सापडायचा कुठं? आणि सापडला तर जायचं कसं? इथं फाट्यावर उभं राहिलं की टोलनाक्यावरच्या पोरापासून सहा आसनी रिक्षावाल्यापर्यंत सगळे नावानिशी ओळखतात. ‘कुठं निघाला दादा?’ याचं उत्तर द्यावं लागतं. दारूच्या दुकानाच्या रांगेत उभं राहायला लाज वाटत नाही, सोडणाऱ्यांच्या खोलीत शिरताना वाटते. आपल्या राज्यात कायद्यानं प्यायला परवाना लागतो, आणि तो म्हणे प्रकृती जपण्यासाठी दिलेला असतो! सोडायला परवाना लागत नाही, पण गावाची परवानगी लागते.

यावर मार्ग आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून चालणारे गट आहेत. सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मनाच्या आजारांची टेलिमानस १४४१६. एएची पुण्यातली चौकशीही फोनवर होते. विचारायच्या गोष्टी साध्या : कोणत्या वारी, किती वाजता, मराठीत का, खुली की बंद. पहिल्यांदा आपल्या गावचा गट नको वाटला तर तळेगावहून लोकल धरून चिंचवडला उतरा, तिथं कुणी ओळखीचं भेटणार नाही. आणि भेटलाच तर तोही त्याच कामाला आलेला असणार. एका गटात मन रमलं नाही तर दुसरा पाहा. प्रत्येक बैठकीची चव वेगळी. घरच्यांनी त्याच्या तयार होण्याची वाट पाहू नये. नातेवाइकांसाठी अल-ॲनॉन वेगळं असतं, त्याला पिणारा सोबत असावा लागत नाही. बायकांचा प्रश्न अजून अवघड. पिणारी बाई आमच्याकडे नाहीच असं आम्ही ठरवून टाकलंय, त्यामुळे ती कुठल्याच बैठकीला पोचत नाही.

पण कंपनीत शिफ्ट करून आलेला, गाडी जप्त झालेला, शेवटच्या लोकलची धास्ती घेतलेला माणूस पंधराएक किलोमीटर जाऊन-येऊन किती आठवडे टिकेल? पहिले तीन महिने रोज कुठंतरी बसायची गरज असते. म्हणून गट इथंच हवा. त्याला लागतं किती थोडं! एए बाहेरची देणगी घेत नाही, वर्गणी सक्तीची नाही, भाडं आपसांत टोपी फिरवून भरतात. सभासद व्हायची एकच अट : दारू सोडायची इच्छा. नोंदवही नाही, आडनाव नाही.

तेव्हा त्या वक्त्यांना, आणि सोमाटणे-शिरगाव-तळेगाव पट्ट्यात ज्यांच्या शब्दावर कुलपं उघडतात त्या सगळ्यांना, एक विनंती आहे. शाळेचा वर्ग असेल, देवळाची ओवरी असेल, सोसायटीचं वापरात नसलेलं ऑफिस असेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सात ते साडेआठ. उद्घाटन नको, नारळ नको, सौजन्याचा फ्लेक्स तर मुळीच नको. आत कोण येतंय हे दाराशी उभं राहून पाहायचं नाही. दिवा, पंखा, आणि पिण्याच्या पाण्याची सोय. चहा ते त्यांचा करतील.

चावी कुणाकडे मागायची, तेवढं सांगा.